जायला नको होतं

बारावीच्या वर्गाला मी दरवर्षी एक मराठी वाक्य फळ्यावर लिहून देते. ‘तुम्ही एवढं आणायला नको होतं.’ मग विचारते, याचं इंग्रजी काय?

निम्मा वर्ग ‘शुड नॉट हॅव’ म्हणतो. मी सांगते, पाहुणे पिशवीभर द्राक्षं घेऊन आले आणि तुमची आई दारात म्हणाली, ‘आवं, एवढं कशाला, आणायला नको होतं,’ तर ती पाहुण्यांवर रागावली का? नाही. गरज नव्हती तरी आणलंत, एवढंच तिचं म्हणणं. ते झालं ‘नीड नॉट हॅव’. आणि तुम्ही वर्गात मोबाइल आणलात आणि मी म्हटलं, आणायला नको होता, तर ती चूक. ते ‘शुड नॉट हॅव’. मराठीत वाक्य एकच, बाकीचं आवाजावरून कळतं. कागदावर आवाज येत नाही, म्हणून इंग्रजीत क्रियापद बघायचं.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, पाहुन्यानं नासकी द्राक्षं आनली तर?’

‘तर दोन्ही,’ मी म्हटलं, आणि वर्ग हसला.

इस्लामपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी चोवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल अंदाज कसा करायचा, हा माझा आवडता धडा. ‘गेला असेल’ या एका मराठी शब्दजोडीत ‘नक्की गेला’ आणि ‘कदाचित गेला’ अशी दोन टोकं असतात. मुलांना ते पटवून देताना मला मजा येते. या धड्यात माझी मुलं सहसा चुकत नाहीत.

या जानेवारीत माहेरच्या गावाहून फोन आला. माझं माहेर कुंडलपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. फोन भावकीतल्या निवृत्त हवालदारांचा होता. गावातून फौजेत गेलेले आणि परत न आलेले जे पाच जण, त्यांच्या नावांचा दगड शाळेपुढं बसवायचं ठरलं होतं. चार घरांनी नावं आणि कागद दिले होते. पाचवं नाव माझ्या दादाचं.

‘ताई, तुमच्या वहिनी नाव देत न्हाईत.’

‘काय म्हणाल्या?’

‘म्हनल्या, त्यांचं नाव नको. आनि दार लावलं. बावीस वर्सं फौजेत काढली मी, माझ्या तोंडावर असं दार कुनी लावलं न्हवतं.’ त्यांना राग कमी आणि नवल जास्त वाटत होतं. ‘शनवारी कारागीर अक्षरं कोरायला घेतोय. दगड मापाचा हाय. चार नावं बसवून कोरली की पाचवं मागनं घुसडता येत न्हाई. तुमी बघा काय हुतंय का.’

वहिनी नाव का देत नव्हती ते मला माहीत होतं. हवालदारांना माहीत नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. आमच्या घरात तिघांना माहीत होतं. त्यातले आबा, माझे वडील, आता नाहीत. राहिलो आम्ही दोघी.

दादा गेला तेव्हा मी दहावीत होते. आई त्याच्या आधीच गेलेली. घरात आबा, वहिनी, तिची दोन वर्षांची मुलगी आणि मी. दादा सरहद्दीवर, वर बर्फात होता. तार आली, बर्फाचा कडा सुटला त्यात सापडला म्हणून. तिकडंच अग्नी दिला. अस्थी घेऊन दोन जवान आले, ते दुसऱ्याच पलटणीचे होते आणि हिंदी बोलत होते. त्यांना फार काही सांगता आलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दादाच्या साहेबांचं, हातानं लिहिलेलं, इंग्रजीत, एक पान. वाचणार कोण? गावात शाळेचे मास्तर होते. पण आबा म्हणाले, ‘घरात पोरगी धाव्वीला हाय. लोकाच्या दारात कागूद घिऊन कशाला जायाचं?’ शाळेत मला इंग्रजीत सगळ्यांत जास्त गुण असायचे. बक्षीस मिळालेला एक छोटा शब्दकोश होता. मी तो घेऊन दुपारी पुढच्या सोप्यात बसले. आबा पायरीवर. वहिनी चुलीपाशी, मुलगी मांडीवर झोपलेली.

अर्धा तास लागला. मग मी मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. जे वाचलं ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

‘तुमचा मुलगा चांगला सैनिक होता. त्या सकाळी त्यानं पार्टीबरोबर जायला नको होतं. त्यानं दुसऱ्या माणसाची जागा घेतली, तीच त्याची वाट होती. उतार धोक्याचा आहे हे त्याला माहीत असायलाच पाहिजे होतं. तो फार वेळ सहन करू शकला नाही.’

आबांनी विचारलं, ‘कसली पार्टी?’

‘पार्टी म्हंजे पार्टी,’ मी म्हटलं.

आमच्या गावात पार्टी म्हणजे एकच गोष्ट. मळ्यात बोकड पडतो, चार बाटल्या येतात आणि बायकांना दुसऱ्या दिवशी कळतं. या महिन्यात तुझी पाळी, पुढच्या महिन्यात माझी.

वहिनीनं विचारलं, ‘दारूचं लिवलंय का?’

‘न्हाई.’

‘मग?’

‘पार्टी एवढंच हाय.’

दादा रजेवर आला की प्यायचा. फार नाही, पण प्यायचा. शेवटच्या रजेत वहिनीनं त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, आणि त्यानं घेतली होती. वहिनी त्या मांडीवरच्या डोक्याकडं बघत बसली.

आबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, त्याची घडी घातली. म्हणाले, ‘चांगला सैनिक सगळ्यांनाच लिवत्यात. हे कुनाला दावायचं न्हाई.’

कुणाला दाखवलं नाही. त्यामुळं माझं वाचन तपासायलाही कुणी उरलं नाही.

त्या पत्रातला एक शब्द मला लागला नव्हता. ‘डिटेल्ड’. शब्दकोशात ‘सविस्तर’ असं होतं. ‘तो सविस्तर नव्हता’ याला काही अर्थ नव्हता, म्हणून ते वाक्य मी सोडून दिलं. परीक्षेत असं चालतं. एखादं वाक्य सुटलं तरी उत्तर येतं.

पुढच्या थंडीत एक माणूस आमच्याकडं आला. जतच्या बाजूचा, धनगर, दादाच्या पलटणीतला. रजेवर होता. खांद्यावर नवंकोरं काळं घोंगडं. दोन एसट्या बदलून आला होता. चपला अंगणाबाहेर काढून उभा राहिला आणि आबांना म्हणाला, ‘पाळी माझी व्हती. गेला त्यो.’

पुढं त्याला बोलता येईना. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पाळी ह्याची होती. म्हणजे त्या दिवशी पार्टी द्यायची पाळी ह्याची. वहिनी उठली आणि तिनं मधलं दार लावून घेतलं. आबांनी त्याला बस म्हटलं नाही. पाणी मी दिलं, ते तो उभ्यानंच प्यायला. चहाचं कुणी विचारलं नाही. घोंगडं कट्ट्यावर ठेवून तो म्हणाला, ‘आईनं इनलंय. वैनींना द्या.’ आणि चालत स्टॉपकडं गेला.

घोंगडं दोन दिवस कट्ट्यावरच होतं. मग थंडी वाढली तशी आबांनी ते म्हशीच्या पाठीवर टाकलं. दोन हिवाळे म्हशीनं ते वापरलं.

त्यानंतरचं वहिनीचं आयुष्य सांगण्यासारखं फार नाही. तिनं शेती बघितली, मुलगी शिकवली, तिचं लग्न कराडला करून दिलं. आबांचं सगळं शेवटपर्यंत केलं. गावजेवणाला मात्र कधी गेली नाही. मुलगी कॉलेजात असताना सेंड-ऑफ पार्टीला जाते म्हणाली, तर हिनं तिला दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही. मुलीला कारण कधी कळलं नाही. दादाचा फोटो होता, पण आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला. आल्यागेल्याला दिसणार नाही असा.

हवालदारांच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, दुपारचे तास दुसऱ्या बाईंना देऊन मी स्कूटरवरून गावाला गेले. ऊसतोड चालू होती. वहिनी गोठ्यापुढं उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या सोडून म्हशींपुढं टाकत होती.

‘हवालदारानं धाडलं व्हय?’

‘व्हय.’

‘आधी चा घेनार का आधी भांडनार?’

‘आधी चहा.’

तिनं चहा टाकला. मी सोप्यात बसले, त्याच जागी. चहाची कपबशी माझ्यापुढं ठेवून ती समोर बसली.

‘वहिनी, तेहतीस वर्षं झाली. चौघांची नावं येणार, दादाचंच राहणार. लोक विचारतील की.’

‘इचारू द्या.’

‘दगडावर नाव आलं तर कुणाचं काय जातंय?’

‘माझं जातंय.’ ती शांतपणे म्हणाली. ‘शाळंतली पोरं रोज त्या दगडाला नमस्कार करनार. मी डेरीला दूध घालाय रोज तितनंच जाते. पोरीच्या डोसक्यावर हात ठिवून शपथ घेतली आनि सा म्हयन्यात मोडली. तितं कोन पहाऱ्यावर मेलं, कोन गोळी लागून. आनि ह्ये? बाकीच्या चौघांच्या शेजारी ह्येंचं नाव खोटं हुईल. त्या चार बायकास्नी मी काय तोंड दावू?’

मी कामाचं बोलले. म्हटलं, निदान कागद तरी बघू, नाव दिलंच तर पलटणीचं नाव आणि नंबर लागेल. साहेबांच्या पत्रावर असेल.

वाटलं होतं नाही म्हणेल. पण ती उठून आत गेली. ट्रंकेतून पेन्शनच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यातून पत्र काढून माझ्या हातात दिलं. ‘घ्या. तुमीच वाचलेलं, तुमीच वाचा.’

मी नंबरसाठी वरची ओळ बघितली. नंबर होता. तो पेननं तळहातावर लिहून घेतला. मग डोळा खाली गेला. शिक्षकाचा डोळा वाक्यात आधी क्रियापदावर जातो, त्याला इलाज नसतो.

‘ही नीड नॉट हॅव गॉन विथ द पार्टी.’

मी ते परत वाचलं. मग त्याच्या पुढचं. ‘ही वॉज नॉट डिटेल्ड.’

चहावर साय धरली. वहिनी काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. मी पत्र गुडघ्यावर ठेवून घड्या सरळ केल्या.

पार्टी म्हणजे कामावर निघालेली जवानांची तुकडी. डिटेल्ड म्हणजे नेमलेला. त्या तुकडीत दादाची नेमणूकच नव्हती. त्याला जायची गरज नव्हती, तरी तो गेला. दुसऱ्या माणसाच्या जागी गेला, ‘अ‍ॅज वॉज हिज वे’, तशी त्याची रीतच होती. मी वाचलं होतं, तीच त्याची वाट होती. मी वाचलं होतं, जागा घेतली, एसटीत रुमाल टाकून घेतात तशी.

खाली ‘मस्ट हॅव नोन’. आम्हाला शाळेत शिकवलं होतं, मस्ट म्हणजे पाहिजेच. म्हणून मी वाचलं, त्याला माहीत असायलाच पाहिजे होतं. साहेबांनी लिहिलं होतं, त्याला धोका माहीत असणारच. माहीत असूनही गेला असणार. आणि शेवटी, ‘ही कॅनॉट हॅव सफर्ड लाँग’. त्याला फार वेळ त्रास झाला नसणार. बापाला धीर द्यायला लिहिलेलं वाक्य. ते मी बापाला वाचून दाखवलं, तो फार वेळ सहन करू शकला नाही.

साहेब तिथं नव्हते, हे पत्रावरून सरळ कळत होतं. कडा सुटला तेव्हा जे होते त्यांतलं सांगायला कुणी उरलं नसावं. साहेब अंदाज करत होते. पण एक गोष्ट त्यांना पक्की माहीत होती, ती त्यांनी सुरुवातीलाच लिहिली होती, की तो गेला नसता तरी चाललं असतं. माझ्या हातून गेलेलं एकही वाक्य बरोबर नव्हतं. चांगला सैनिक, एवढं सोडून. आणि ते आबांनी मानलं नाही.

मी उठले आणि बाहेर हौदावर गेले. चष्मा धुतला. ओढणीनं पुसला. परत धुतला.

खरं सांगायचं तर तिथं उभी राहून मी दुसराही विचार केला. आत जाऊन म्हणायचं, नंबर मिळाला, साहेबांनी चांगलंच लिहिलंय, मुकाट्यानं नाव द्या. तिला इंग्रजी येत नाही. हवालदार नंबर बघतील, पत्र वाचणार नाहीत. दगड उभा राहील आणि माझी चूक ट्रंकेत राहील. चष्मा दुसऱ्यांदा वाळेपर्यंत मी हा विचार केला. गोठ्यातल्या म्हशीकडं लक्ष गेलं. ही ती म्हैस नव्हे, तिच्या चार पिढ्या झाल्या असतील. मी आत गेले.

‘वहिनी, मी चुकीचं वाचलं होतं.’

‘काय?’

‘पत्र. तवा. दादा पार्टीला गेला नव्हता.’

ती माझ्याकडं बघत राहिली. ‘तुमीच म्हनला पार्टी हाय.’

‘पार्टी म्हंजे तुकडी. आठ-दहा जणांची, कामाला निघालेली. फौजेत तसंच म्हणत्यात. दारूचा काही संबंध न्हाई. दादाचं त्या तुकडीत नाव नव्हतं. दुसऱ्याचं होतं. त्याच्या बदली दादा गेला.’

‘बदली?’

‘व्हय.’

‘कुनाच्या?’

नाव पत्रात नव्हतंच. पण तिला कळायला क्षणही लागला नाही. तिचा हात तोंडावर गेला आणि तिथंच राहिला.

‘पाळी माझी व्हती म्हनला त्यो,’ ती हाताआडून म्हणाली.

‘व्हय.’

‘घोंगडं म्हशीवर टाकलं आपन.’

‘आबांनी टाकलं.’

‘मी बघत व्हते की.’

बाहेर उसाची गाडी गेली, तिचा आवाज गावाच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग वहिनीनं विचारलं, ‘ह्ये पत्र त्येच हाय न्हवं? नवीन न्हाई आलेलं?’

‘तेच हाय.’

‘मग तवा का न्हाई सांगितलं?’

‘कळलं नव्हतं. दहावीत होते.’

‘त्ये कळलं मला. पोर व्हता तुमी. त्येचं काय न्हाई.’ तिनं पदरानं तोंड पुसलं. तिचा आवाज चढला नाही. ‘पर वन्सं, तुमी पुढं शिकला. मास्तरीन झाला. कितीक वर्सं झाली?’

‘चोवीस.’

‘इंग्रजीच शिकवताय न्हवं?’

‘इंग्रजीच.’

‘दर दिवाळीला हितं येताय. दर पंचमीला येताय. ट्रंक हीच, कुलूपबी न्हाई तिला. एकदाबी वाटलं न्हाई, काडून बघावं?’

मला उत्तर देता आलं असतं. पत्र मला पाठ होतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण मला पाठ होतं ते माझं मराठी. मूळ पत्रातलं एक अक्षर आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे तेहतीस वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. ज्याचा अर्थ आपणच लावलेला असतो ते माणूस परत तपासत नाही. हे सगळं तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

‘बघायला पाहिजे होतं,’ मी म्हटलं.

‘व्हय. बघाय पायजे व्हतं.’

या वाक्याचं इंग्रजी करायला फळा लागत नाही.

तिनं गार झालेला चहा उचलून मोरीत ओतला, दुसरा टाकला. मग म्हणाली, ‘आता पयल्यापासनं वाचा. एकेक वळ. आनि सोडू नका कायबी.’

मी वाचलं. इंग्रजी ओळ वाचायची, मग मराठी सांगायचं, मग ती ‘हं’ म्हणाली की पुढची ओळ. ‘तशी त्याची रीतच होती’ यावर ती म्हणाली, ‘व्हती खरी. लोकाचा ऊस पेटला तवाबी पयला ह्योच.’ इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल असं काही तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ‘फार वेळ त्रास झाला नसणार’ यावर तिनं विचारलं, ‘नसनार म्हंजे? बघितलं कुनी?’

‘न्हाई. साहेबांचा अंदाज.’

‘बरा अंदाज हाय,’ ती म्हणाली. ‘र्‍हाऊ द्या तसाच.’

‘नीड नॉट हॅव गॉन’ वर मात्र ती अडली. मी सांगितलं, गरज नव्हती, तरी गेला. शाळेतल्यासारखं पाहुण्यांच्या द्राक्षांचं उदाहरणही दिलं, जिभेवरच होतं. तिनं नीट ऐकून घेतलं.

‘म्हंजे मराठीत जायाला नको व्हतं, असंच की.’

‘तसं म्हणता येतं. पण अर्थ वेगळा.’

‘काय वेगळा? तवाबी जायाला नको व्हतं, आताबी जायाला नको व्हतं. दोन वर्साची पोर घरात असताना मानूस दुसऱ्याच्या पाळीला जातोय व्हय?’ आता तिचा आवाज चढला. तेहतीस वर्षं ती त्याच्यावर रागावलेली होती, तो राग ठेवायला तिला नवी जागा हवी होती. मग ती थांबली. ‘पर ह्ये दगडावर घालाय चालतंय.’

हवालदारांना फोन तिनंच लावला. स्पीकरवर होता. ‘लिवा नाव.’

‘आँ? काल तर दार लावलं.’

‘आज उघडलंय. नंबर वन्सं सांगत्यात.’

‘कसं काय पटलं वं?’

‘वन्सनी सायबाचं जुनं पत्र वाचलं.’

‘मग तवा वाचलं न्हवतं?’

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. ‘तवा धाव्वीत व्हत्या,’ ती म्हणाली. ‘आनि ऐका. ह्येंच्या पलटनीत जतचा एक धनगर व्हता. त्येचा पत्त्या काडा.’

माजी सैनिकांचे मोबाइलवर गट असतात. दोन दिवसांत नंबर आला. शनिवारी कारागीर कोरायला बसला त्या वेळी मी परत गावात होते. वहिनीनं मला फोन लावून द्यायला सांगितला आणि हातात घेतला. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

तिनं दादाचं आणि गावाचं नाव सांगितलं. ‘त्येंची बायकू मी.’

तो मेंढरांपासून लांब गेला असावा, आवाज कमी झाला. मग तो म्हणाला, ‘वैनी.’

‘तवा तुमाला चा दिला न्हवता.’

‘आवं, चा प्यायला न्हवतो आलो मी.’

‘मग कशाला आलता?’

‘शिव्या खायाला.’

‘खाल्ल्या न्हाईत?’

‘न्हाई. तुमी बोललाच न्हाई. लय बेकार गेलं त्ये. एसटीत बसूस्तवर वाट बघितली, कुनीतरी मागनं यील आनि बोलंल म्हनून.’

वहिनी दाराच्या चौकटीला टेकली. शाळेकडून छिन्नीचा आवाज येत होता, थांबून थांबून.

‘ताप व्हता का तुमाला?’ तिनं विचारलं. तिला हे कुठून सुचलं, मला माहीत नाही. पत्रात नव्हतं.

‘व्हय. लय व्हता. तुमाला कुनी सांगितलं?’

‘कुनी न्हाई. असनार म्हनलं.’

तो रडायला लागला असावा, कारण ती थोडा वेळ फोन कानापासून लांब धरून उभी होती. मग परत कानाला लावला.

‘पुढल्या रव्वारी दगड उघडायचाय. या.’

‘येतो वैनी.’

‘घोंगडं आनू नका. आनि जेवून येऊ नका. शिव्याबी तयार हायत.’